दर्या शांत दिसतो तेव्हाच सांभाळा

(प्रभागसंघाच्या शिमग्यानंतरच्या सभेत आपल्या एका ताईंनी केलेलं भाषण. मालवण-देवगड किनाऱ्यावरच्या सुकी मासळी, कालवं आणि न्याहारी-निवास करणाऱ्या गटांसाठी त्या बोलल्या. ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी ते इथे देत आहोत. त्यांचं बोलणं शक्य तितकं तसंच ठेवलं आहे.)



मला भाषण करायची सवय नाही. मी सुकी मासळी विकणारी बाई. बाजारात भाव सांगताना माझा आवाज चढतो, इथे माइकसमोर तो बसला आहे. पण अध्यक्षताई म्हणाल्या, मागच्या बैठकीत तू जे सांगितलंस ते सगळ्या गटांसमोर सांग. म्हणून उभी राहिले.

शिमगा झाला. आता पाडवा, रामनवमी, मग आंब्याची घाई, मे महिन्याचे पाहुणे, आणि 1 जूनला होड्या किनाऱ्याला लागणार. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. म्हणजे आपल्या हातात हे अडीच-तीन महिने. आगोटीच्या आधी जेवढी मासळी सुकेल, जेवढी कालवं निघतील, जेवढे पाहुणे जेवून जातील, त्यावर आपला पावसाळा निघतो. गटाचे हप्तेसुद्धा याच दिवसांत सुटतात. म्हणून या दिवसांत आपण सगळ्याजणी जास्तीत जास्त वेळ कुठे असतो? वाळूवर, खडपावर, पाण्याच्या काठाला.

आणि आपल्याला वाटतं, हे दिवस दर्याचे चांगले. पावसाळ्यातल्या दर्याला आपण भिऊन असतो. तो काळा होतो, गरजतो, लांबून ऐकू येतो. त्याच्या वाटेला कोणी जात नाही. चैत्र-वैशाखात मात्र आभाळ निळं, पाणी हिरवं, सकाळी वारा नाही. पोरं पण पाठ फिरवून खेळतात. मी आज एवढंच सांगायला उभी आहे की या शांत दिवसांत एक लाट येते, ती आपल्या आभाळात दिसत नाही, आपल्या वाऱ्यात कळत नाही. तिचा निरोप आधी येतो. पण तो निरोप आपल्यापर्यंत, म्हणजे बायकांपर्यंत, येत नाही.

आमच्या वाडीत काय झालं ते सांगते.

तीन वर्षांमागची गोष्ट. चैत्र अमावस्येचा दिवस. अमावास्येला ओहोटी सकाळी सहाच्या सुमाराला, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या थोरल्या जाऊबाई आणि आणखी तिघीजणी कालवं काढायला खडपावर गेल्या होत्या. मी वाळूत मांडवाच्या पलीकडे जाळी पसरून बांगडे आणि गोलमा वाळत घालत होते. माल गटाचा. कर्ज काढून घेतलेला, अठरा हजारांचा.

वारा नव्हता. पान हलत नव्हतं. पण मला एक गोष्ट वेगळी वाटली. लाटा एकामागून एक येत नव्हत्या. एक यायची, मग बराच वेळ काहीच नाही, मग दुसरी. आणि आली की वाळूत खूप वर चढायची. माझी सासू असती तर म्हणाली असती, "वारो नाय, तरी लाट खंयसून येता गो?" मी मनात म्हटलं, असेल अमावास्येचं उधाण. मी कोणाला काही बोलले नाही. ही चूक माझी. आज ती सगळ्यांसमोर कबूल करते.

साडेसात वाजले असतील. पाणी अजून खाली होतं. दहा-पंधरा मिनिटं दर्या अगदी निवांत होता, म्हणून त्या चौघी खडपाच्या टोकाला सरकल्या. तिथे मोठी कालवं असतात. आणि मग एकामागून एक चार-पाच मोठ्या लाटा आल्या. पहिली गुडघ्यापर्यंत आली, दुसरीने जाऊबाईंचे पाय उचलले. लुगडं भिजलं की किती जड होतं ते आपल्याला माहीत आहे. त्या खडपाच्या फटीत घसरल्या. दुसऱ्या एकीच्या टोपलीला दोर होता, तिने तो फेकला. त्यांनी तो मनगटाला गुंडाळला आणि तिघींनी मिळून त्यांना ओढून काढलं. जीव वाचला. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला होता.

आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. घाईत वाळवण कोणाच्या डोक्यात राहणार? दुपारी बाराला भरती लागली. नेहमी भरतीचं पाणी जिथे थांबतं त्याच्या दहा-बारा पावलं वर ते आलं. मी परत आले तेव्हा जाळी माडाच्या बुंध्याला अडकली होती. बांगडा एकही नव्हता.

संध्याकाळी आमच्या दारात माणसं बसली होती. माझा पुतण्या मोबाईल काढून म्हणाला, "काकी, ह्या बघ, दोन दिसांमागेच इलेला." होडीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इशारा आला होता. उंच लाटांचा, तारीख-वेळेसकट. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? तो बिचारा सरळ मनाने म्हणाला, "तुमका कशाक सांगूचा? तुमी खंय समुद्रात जातास?"

सख्यांनो, त्याने मुद्दाम काही केलं नाही. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आम्ही समुद्रात जात नाही, म्हणून आम्हाला निरोप नाही. आणि त्या दिवशी होड्या सगळ्या सुखरूप होत्या. मार खाल्ला तो काठावरच्या बायकांनी.

असं का झालं, ते मला नंतर समजलं. आपल्या किनाऱ्याची माहिती द्यायला आलेल्या एका सरांना मी शंका विचारल्या, त्यांनी समजावून सांगितलं. मला कळलं तसं तुम्हाला सांगते.

लाट वाऱ्याने तयार होते. आपल्याकडे वारा सुटला की आपल्याकडच्या लाटा. पण ही लाट आपल्या वाऱ्याची नसते. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, जिथे पुढे बर्फाचा खंड लागतो, त्या बाजूला मोठी वादळं होतात. आपल्याकडे चैत्र-वैशाख, तेव्हा तिकडे थंडीची सुरुवात होते आणि वादळं वाढतात. त्या वादळाने उठलेल्या लाटा वादळ सोडून पुढे निघतात. दिवसाला हजार-बाराशे किलोमीटर चालत पाच-सहा दिवसांनी आपल्या दारात येतात. वादळ तिकडेच विरलेलं असतं. त्यामुळे आपल्या डोक्यावर ढग नाही, वारा नाही, आणि तरी पाणी चढतं. लाट म्हणजे पाहुणी. पाहुणीचा गाव लांबचा, म्हणून तिच्या येण्याची चाहूल दारात लागत नाही.

केरळातले मच्छीमार हिला 'कल्लक्कडल' म्हणतात. 'कल्ल' म्हणजे चोर आणि 'कडल' म्हणजे समुद्र. चोरासारखा येणारा समुद्र. युनेस्कोने 2012 मध्ये हा शब्द जगासाठी मान्य केला. म्हणजे शास्त्रज्ञांनी मच्छीमारांचाच शब्द घेतला. याचा मला फार आनंद झाला, कारण किनाऱ्यावरच्या माणसांनी हे आधीच ओळखलं होतं.

आता महत्त्वाचं ऐका. खोल पाण्यात असलेल्या होडीखालून ही लाट हळूच निघून जाते. लाट लांब असते, होडी वर जाते, खाली येते, एवढंच. पण तीच लाट उथळ पाण्यात आली की उंच होते आणि फुटते. म्हणजे ती मार देते कुठे? काठाला. खडपावर, वाळूवर, खाडीच्या तोंडाला, नांगरून ठेवलेल्या होड्यांवर. तिथे काम कोणाचं असतं? आपलं. म्हणून "तुम्ही कुठे समुद्रात जाता" हे वाक्य या लाटेच्या बाबतीत उलटं आहे. हिचा इशारा सगळ्यांत आधी बायकांना पाहिजे.

हे काही आमच्याच वाडीचं रडगाणं नाही. 2024 साली 31 मार्चला केरळच्या किनाऱ्यावर असाच समुद्र घरांत शिरला. त्याच वर्षी 4 आणि 5 मे या दोन दिवसांसाठी आपल्या पश्चिम किनाऱ्याला उंच लाटांचा इशारा होता, मुंबईतसुद्धा लोकांना सावध राहायला सांगितलं होतं. आणि 6 मे रोजी तामिळनाडूत, कन्याकुमारी जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी लाटेत ओढले जाऊन गेले. डॉक्टर होणारी शिकलेली मुलं ती. त्यांनाही लाट दिसली नाही.

मग आपण काय करायचं? मी पाच गोष्टी सांगते. मोठ्या नाहीत. पैसाही फार लागत नाही.

पहिली गोष्ट, निरोप.

हैदराबादला केंद्र सरकारची एक संस्था आहे, भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. लोक तिला 'इन्कॉइस' म्हणतात. समुद्रात उंच लाटा कधी, कुठे, किती मीटर, हे ती आधी सांगते. इशाऱ्याला रंग असतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. लाल म्हणजे काठ सोडा. त्यांचं 'समुद्र' नावाचं ॲप आहे. सरकारचं 'सचेत' ॲप आहे, त्यावर आपल्या जिल्ह्याचे सगळे इशारे येतात. विजेसाठी 'दामिनी' ॲप आहे.

मी प्रत्येक गटाला विनंती करते, एक निरोपताई ठरवा. जिच्याकडे चांगला फोन आहे आणि जिला वाचायची आवड आहे अशी. तिने सकाळी चहा ठेवताना इशारा बघायचा. काही असलं तर गटाच्या ग्रुपवर टाकायचं आणि ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारात जाऊन सांगायचं. नुसता पुढे पाठवलेला मेसेज म्हणजे निरोप नव्हे. "मिळाला" असं समोरून उत्तर आलं की निरोप पोचला. आमच्या वाडीत आम्ही असं ठरवलं आहे की निरोपताई दोघींना सांगते, त्या दोघी पुढच्या दोघींना. अर्ध्या तासात वाडी पुरी होते. आणि निरोपताई माहेरी गेली, तर दुसरी कोण, हेही ठरलेलं आहे.

आणखी एक. होडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये प्रत्येक गटाची एकतरी बाई असलीच पाहिजे. हे मागायला लाजू नका. मी माझ्या पुतण्याला सांगितलं, त्याने त्याच दिवशी मला घेतलं.

दुसरी गोष्ट, लाट मोजायची.

फोनला रेंज नाही, निरोप आला नाही, तरी आपल्याकडे डोळे आहेत. काठाला पोचलात की आधी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहा. एक लाट फुटली की मनात हळूहळू आकडे मोजा, दुसरी फुटेपर्यंत. आपल्या वाऱ्याची लाट असेल तर सहा-आठ आकड्यांत दुसरी येते. आकडा पंधरा, अठरा, वीस असा जायला लागला तर समजा पाहुणी आलेली आहे. त्या दिवशी खडपावर जायचं नाही आणि वाळवण वर उचलायचं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, मोठ्या लाटा घोळक्याने येतात. मधे दहा-पंधरा मिनिटं पाणी निपचित पडतं. ती शांतता बघून माणूस पुढे सरकतो. आमच्या जाऊबाई तशाच सरकल्या.

भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशेब पोरींना शिकवा. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमाराला भरती. थोडं पुढे-मागे होतं, पण अंदाज बरोबर येतो. उधाणाची भरती आणि पाहुणी लाट एकाच दिवशी आली तर पाणी सगळ्यांत वर येतं. ते दिवस कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवा.

तिसरी गोष्ट, खडपावरचे नियम.

एकटीने जायचं नाही. चौघी गेल्या तर तिघींनी काढायचं आणि एकीने दर्याकडे तोंड करून उभं राहायचं. तिला वाटा सारखाच द्यायचा. तिचं काम बसून राहायचं नाही, ती राखण आहे. दर्याला पाठ करून कोणी वाकायचं नाही. कासोटा घट्ट, पदर खोचलेला, आणि प्रत्येकीच्या टोपलीला दोर. त्या दिवशी एका दोराने एक जीव वाचला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चौथी गोष्ट, पाहुणे.

आपल्यातल्या कितीतरी ताया न्याहारी-निवास चालवतात, कोणी वडे-सागोती करून देतात, कोणी किनाऱ्यावर सरबत विकतात. एप्रिल-मे आपला हंगाम. घाटावरून, शहरातून माणसं येतात, त्यांना दर्या म्हणजे मोठी नदी वाटते. 15 एप्रिल 2017 ला आपल्या मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेल्या सहलीतले आठजण बुडाले. दुपार होती, वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. इथे बसलेल्या कित्येकींनी तो दिवस जवळून बघितला आहे. त्या मुलांच्या आयांचे चेहरे मला आठवतात.

पाहुण्यांना एक गोष्ट समजावून सांगा. लाटा फुटून काठाला आलेलं पाणी परत कुठूनतरी जातं ना? ते एका अरुंद पट्ट्यातून, जोरात ओढ घेत आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत. तिथलं पाणी गडद आणि सपाट दिसतं. फेस आणि वाळू आत जाताना दिसते. नवख्या माणसाला वाटतं, इथे लाटा नाहीत, इथेच उतरूया. तीच जागा वाईट. पट्टीचा पोहणारा सुद्धा त्या ओढीच्या उलट पोहू शकत नाही. तो दमतो आणि मग बुडतो.

ओढीत सापडलं तर घाबरून काठाकडे हात मारायचे नाहीत. ओढ खाली खेचत नाही, आत नेते. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून हाक मारायची. ताकद असेल तर काठाला समांतर, म्हणजे माडांच्या रांगेला धरून, बाजूला पोहायचं. ओढीचा पट्टा संपला की लाटाच काठाला आणतात.

आणि कोणी बुडताना दिसलं तर आपण पाण्यात उडी घालायची नाही. बाईमाणूस मायेने धावतं आणि एकाचे दोन होतात. दोर टाका, रिकामा कॅन टाका, होडीचा फ्लोट टाका, काठी पुढे करा. 112 ला फोन करा. समुद्रात असेल तर सागरी पोलिसांचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554. रुग्णवाहिकेला 108. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष 1077. हे नंबर चुलीच्या वरच्या भिंतीवर लिहून ठेवा, पाहुण्यांच्या खोलीतही लावा.

माणूस बाहेर काढला की त्याला उलटं टांगायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. त्यात वेळ जातो आणि पोटातलं फुफ्फुसात जातं. श्वास चालू आहे का बघायचं. नसेल तर आधी तोंडाने पाच श्वास द्यायचे, मग छातीच्या मधोमध जोराने तीस वेळा दाबायचं, परत दोन श्वास, परत तीस दाब, मदत येईपर्यंत. हे ऐकून येत नाही, हात बसवावा लागतो. अध्यक्षताई, माझी विनंती आहे की आरोग्य खात्याच्या माणसांना बोलावून ग्रामसंघात याचा एक दिवसाचा वर्ग ठेवा.

काहीजणी म्हणतील, पाहुण्याला असं सांगितलं तर तो रागावेल, पुढच्या वर्षी येणार नाही. रागावू दे. मी स्वतः एका ताईला बघितलं आहे. लाल इशारा होता, तिने पाहुण्यांना न्याहारी वाढतानाच सांगितलं, "आज पाण्यात उतरायचं नाही. त्याबदल्यात दुपारी मी तुम्हाला कोकम सरबत आणि घावणे करून देते, बागेत बसा." माणसं बसली. बागेत बसलेला पाहुणा पुढच्या वर्षी येतो.

पाचवी गोष्ट, वाळवण आणि पैसा.

वाळूवर मासळी घालणं सोपं, पण वाळूवरची मासळी पाण्याचीही आणि कुत्र्या-कावळ्यांचीही. आमच्या गटाने जोखीम प्रवणता निधीतून थोडे पैसे घेतले आणि बांबूचे कमरेएवढे उंच मांडव केले, भरतीच्या रेषेच्या बरेच वर. खालून वारा लागतो, मासळी लवकर सुकते, वाळू लागत नाही. पहिल्या वर्षी बाजारातल्या बायका हसल्या. आता गिऱ्हाईक आधी आमची पाटी बघतं, कारण दाताखाली कचकच येत नाही. दर्यापासून माल वाचवायला केलं आणि भावही चांगला मिळाला.

उन्हाचंही दोन शब्दांत सांगते, कारण तेही याच दिवसांतलं. आपल्याकडे दुपारी दर्यावरून वारा येतो म्हणून आपण तगतो. पण मार्च-एप्रिलमध्ये कधी कधी घाटावरून कोरडा गरम वारा येतो आणि दर्याचा वारा उशिरा सुटतो. त्या दिवशी अंग भाजतं, घाम येऊन येऊन शक्ती जाते. किनाऱ्यावर पारा 37 च्या वर गेला की हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करायला लागतं, आणि वाळूत तर त्याहून जास्त. त्या दिवशी वाळवण दहाच्या आत घाला आणि चारनंतर उचला. सोबत मीठ-साखरेचं पाणी, पेज, सोलकढी ठेवा. चक्कर, मळमळ आली की सावलीत आडवं व्हायचं, "एवढं आटपून घेते" म्हणायचं नाही. आणि वळवाचा ढग उठून गडगडायला लागलं की वाळू मोकळी करायची. उघड्या किनाऱ्यावर सगळ्यांत उंच आपणच असतो. माडाखालीही उभं राहायचं नाही, पक्क्या घरात जायचं.

आता शेवटचं.

आमच्या जाऊबाई आज या सभेला आल्या आहेत. तिथे खांबाजवळ खुर्चीवर बसल्या आहेत. त्यांचा पाय पूर्ण बरा झाला नाही. खडपावर त्या आता जाऊ शकत नाहीत. तीस वर्षं ज्या खडपाने त्यांना हाताला काम दिलं, मुलांचं शिक्षण केलं, ते खडप त्या आता लांबून बघतात. त्यांच्या नावावर गटाचं कर्ज होतं. गटाने हप्ते पुढे ढकलले, आम्ही दहाजणींनी मिळून सांभाळून घेतलं. त्याबद्दल गटाचे उपकार आहेत. पण खरं सांगू का? हप्ता पुढे ढकलता आला, पाय मागे आणता आला नाही. त्या दिवशी एक फोन आला असता तर दोन्हीची गरज पडली नसती.

मग जाऊबाईंनी काय करावं? त्या म्हणाल्या, "मी बसून काय करू? माका फोन शिकवा." आमच्या वाडीच्या निरोपताई आज त्याच आहेत. पहाटे उठतात, चष्मा लावून इशारा बघतात, आणि आवाज तर तुम्हाला माहीत आहे, फोन न करताही अर्धी वाडी ऐकते. मागच्या वैशाखात त्यांनी एका दिवशी सगळ्यांचं वाळवण वर उचलायला लावलं. दुपारी पाणी जिथे आलं ती जागा त्यांनी काठीने खूण करून ठेवली आहे. कोणाचा एक बांगडा गेला नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्याजणी त्यांच्या अंगणात बसून चहा प्यालो.

आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. हे सगळं आपण कशासाठी करतो? आपली एकही बाई एकटी पडू नये म्हणून. मग किनाऱ्यावरच्या गटांनी आणखी एक गोष्ट नियमित करावी, निरोप. बैठकीच्या वहीत हजेरी घेतो तसं विचारा, या आठवड्यात इशारा आला होता का, कोणाकोणाला पोचला, कोण राहिली. जी राहिली तिचं नाव लिहा, आणि पुढच्या वेळी तिच्यापासून सुरुवात करा.

आजच्या सभेत असा ठराव व्हावा की पाडव्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या प्रत्येक ग्रामसंघाने निरोपतायांची नावं प्रभागसंघाला कळवावी आणि प्रत्येक वाडीत एक लांब दोर आणि दोन झाकणबंद रिकामे कॅन ठरलेल्या जागी टांगून ठेवावे. दोराला खर्च किती येतो ते मी काढून आणलं आहे, सचिवतायांकडे देते.

दर्याने आपल्याला पोसलं आहे. त्याच्यावर माझा राग नाही. तो लांबून निरोप पाठवतो, तो आपणच एकमेकींना द्यायचा आहे.



(ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. निरोपतायांची नावं कळवायचा तक्ता ग्रामसंघाच्या लेखापालांकडे मिळेल.)